चित्र माझं, मजकूर तुमचा

सुरेंद्र पचारेनं उभ्या आयुष्यात दुसऱ्याचं काम कधी उशिरा दिलं नाही आणि स्वतःचं कधी पुरं केलं नाही. हे मी रागानं म्हणते असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटो, कारण राग आहेच. काही वर्षं मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून काढली आहेत. शेजारच्या खुर्चीवरून माणूस फार जवळून दिसतो, आणि जवळून पाहिलेल्या माणसावर रागावायचा हक्क आपोआप मिळतो.

दोन हजार दोन-तीनच्या सुमाराची गोष्ट. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतल्या अंगाला भैयाजींचं 'नवरंग ग्राफिक्स' होतं. एक लांबट खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मागच्या भिंतीवर देवीचा फोटो. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, दुकानांची बिलबुकं, नाटकांची पोस्टरं, जे येईल ते आम्ही करायचो. मजकूर माझा आणि चित्र सुरेंद्रचं, अशी सरळ वाटणी होती. मी वधूवरांची, मामा-मावश्यांची नावं टाइप करायचे. तो गणपती, कलश, केळीचे खांब आणि पुढाऱ्याचा गोरा केलेला चेहरा मांडायचा. गिऱ्हाईकानं एखादं नाव अजून सांगितलेलं नसलं की सुरेंद्र तेवढ्या जागी चार शून्यं टाकून ठेवायचा. ती शून्यं दिसली की मी समजायचे, इथं आपलं काम बाकी आहे. मग प्रूफ निघायचं, गिऱ्हाईक त्यावरून बोट फिरवून 'पास' म्हणायचं, आणि ते काम आमच्या डोक्यावरून उतरायचं.

सुरेंद्र सावलीच्या पुढचा, वैनगंगेच्या काठच्या गावातला. जातीनं ढिवर. बाप मनसाराम आणि काका मुखरू दोघंही नदीवर आणि गावच्या तलावावर मासे धरणारे. हा बारावीनंतर सावलीतल्या एका पेंटरकडे शाळांच्या भिंतींवर म्हणी आणि ट्रकच्या मागं मोर काढत होता. भैयाजींनी असाच एक मोर पाहिला, ट्रक थांबवून पेंटरचं नाव विचारलं आणि पोराला चंद्रपूरला आणलं. ना डिप्लोमा, ना सर्टिफिकेट. माउस कसा धरायचा तेही भैयाजींनीच शिकवलं. भैयाजी माणूस वाईट असता तर फार बरं झालं असतं. वाईट मालकाच्या तोंडावर किल्ली फेकून जाता येतं. हा मालक दुपारी स्वतःच्या डब्यातली भाजी याच्या ताटात वाढायचा.

सुरेंद्र रोज एसटीनं अपडाऊन करायचा. कानावर पेन, आणि ऑर्डर आली की ती डाव्या तळहातावर लिहायची: 'पत्रिका शनि. सकाळ'. काम देऊन झालं की तेवढी ओळ साबणानं घासून काढायची. भैयाजी गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगत, "आमच्या इथं लिहून ठेवाची गरजच नाई. त्याच्या हातावर चढलं म्हणजे झालं."

कामं मात्र कसली? झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, रात्रभर नाटकं. पोस्टरवर रडणारी आई पाहिजे, लाल डोळ्यांचा खलनायक पाहिजे आणि मधोमध नागपूरची नर्तिका, बाकी सगळ्यांपेक्षा मोठी. सुरेंद्रनं एकदा नुसता रिकामा रंगमंच काढला, वर एक लोंबता बल्ब आणि खाली कुणाच्या तरी चपला. मला ते इतकं आवडलं की मी त्यावर अक्षरं टाकायला धजेना. कंपनीचा मॅनेजर आला, बघितलं, म्हणाला, "मेलं कोण?" मग चपलांच्या जागी नर्तिका आली. सुरेंद्रनं ती हसत हसत बसवली, पण तो संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

त्याची स्वतःची कामं वेगळी होती. जेवणाच्या सुट्टीत आणि शेवटच्या एसटीच्या आधी जो वेळ मिळेल त्यात तो ती करायचा. 'भैयाजी जुने' नावाच्या फोल्डरमध्ये ती लपवलेली असायची, कारण भैयाजी स्वतःचं जुनं काही कधी उघडून बघत नसत. पहिलं काम मासोळ्यांचं. वैनगंगेतली एकेक मासोळी माउसनं काढायची, मरळ, दाडक, वाम, शिंगूर, आणि त्यांची एक वेबसाइट करायची. मासोळीवर टिचकी मारली की तिच्याबद्दल बाप काय म्हणतो ते दिसेल. दुसरं, नाटकाच्या पडद्यामागचे चेहरे: मिशा लावून भात खाणारा खलनायक, पाय चेपून घेणारी नर्तिका. तिसरा, हलणारा बगळा. चौथं, चंद्रपूरच्या परकोटाची, म्हणजे गावाभोवतीच्या जुन्या तटाची सैर, एका दारातून आत शिरायचं आणि दुसऱ्यातून बाहेर. पाचवं, जाळ्याच्या विणीतून केलेली मराठी अक्षरं.

एकही पुरं नव्हतं. परकोटात शिरणारा माणूस जटपुरा गेटमधून आत जायचा तो बाहेरच यायचा नाही. अक्षरं 'ठ'पाशी थांबलेली. बगळ्यानं एक पाय उचलला होता, मान वळवली होती, आणि तो तसाच उभा होता. मी म्हणायचे, "सुरेंद्र, त्याच्या पायाले मुंग्या आल्या असतील रे." तो हसायचा आणि मरळीचे खवले काढायला लागायचा. खवले काढता काढता त्याला त्यात अक्षरं दिसायची, की लगेच मासोळी बंद आणि अक्षरं चालू. एक ना धड भाराभर चिंध्या, असं मी त्याला तोंडावर म्हटलं आहे. पण ती मरळ मी पाहिली आहे. तिचा डोळा ओला दिसायचा. कॉम्प्युटरवर ओलं दिसणारं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दोन हजार चारच्या नवरात्राआधी नागपूरहून एक साहेब आले. भावाच्या लग्नाची पत्रिका पसंत करायची होती. नागपुरात त्यांची वेबसाइट बनवणारी कंपनी होती. भैयाजी बाहेर गेलेले, आणि सुरेंद्रच्या पडद्यावर शिंगूर उघडी. साहेब पत्रिका विसरून तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एकामागून एक पाचही कामं उघडायला लावली. शेवटी म्हणाले, "हे सगळं अर्धं आहे."

"हो जी," सुरेंद्र म्हणाला.

"अर्धं मला दाखवू नका. कोणतंही एक पूर्ण करा, इंटरनेटवर चढवा आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत पत्ता पाठवा. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलं निवडतो आहोत. राहायची सोय कंपनी करेल."

साहेब गेल्यावर सुरेंद्र खुर्चीवर बसला तो पाय हलवत बसला. मी म्हटलं, "मासोळ्या. आणखी चार-सहाच राह्यल्या न?" तो म्हणाला, "मासोळ्याच. पण बाई, अक्षरं नवीन वाटतील त्यायले, नाई?" त्याच क्षणी मला धास्ती वाटली.

नवरात्रात मान वर करायला फुरसत नव्हती. मंडळांची बॅनरं, देवीचे फोटो, वर्गणीची पुस्तकं. सुरेंद्रचा डावा तळहात मनगटापर्यंत भरला. स्वतःचं काही उघडायचं तर खंडेनवमीची संध्याकाळ आणि दसऱ्याचा दिवस एवढंच मोकळं होतं, दुकान बंद म्हणून. काम दुसरीकडे नेणंही शक्य नव्हतं. चित्रं फ्लॉपीत मावत नव्हती, सीडी लिहायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, आणि गावात त्याच्या घरी बल्बाशिवाय विजेवर चालणारं काही नव्हतं. त्यानं धीर करून भैयाजींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं भैयाजी चिडतील. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले, "जाशील त जा बाप्पा. दसऱ्याले दुकान तुझंच. फोनची लाइन वापर, बिलाचं मी पाहीन." सुरेंद्रचे डोळे भरून आले. माझेही आले, मी मान वळवली.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असायची. दोन्ही कॉम्प्युटर पुसायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं ठेवायची, आणि लाल धागा मॉनिटर, सीपीयूचा डबा, कीबोर्ड, प्रिंटर अशा सगळ्यांभोवती फिरवून गाठ मारायची. गाठ दरवर्षी सुरेंद्रच मारायचा. त्याची गाठ जाळ्याची, ओढाल तितकी आवळणारी. पूजा झालेलं यंत्र मग दसऱ्याचं सोनं वाटून दुसरा दिवस उजाडेपर्यंत चालू करायचं नाही. भैयाजींनी आरती म्हटली, मी प्रसाद वाटला, सगळे घरी गेलो.

दसऱ्याला सकाळी मी पुरणपोळ्या घेऊन दुकानात गेले. म्हटलं, पोरगा उपाशी बसून काम करत असेल. शटर अर्धं वर होतं. सुरेंद्र मशीनसमोर बसला होता आणि मशीन बंद होतं. धागा जसाच्या तसा.

"लाइन गेली का?"

"नाई. लाइन हाय."

"मंग?"

"काल मीच बांधला, बाई," तो म्हणाला. "हातानं आपोआप बांधला. आरती म्हणू राह्यलो होतो. गाठ आवळली तवा ध्यानात आलं."

मला आधी हसूच आलं. मी माझ्या टेबलाच्या खणातून कात्री काढली. त्यानं गाठीवर तळहात ठेवला.

"आमच्या मुखरू काकानं दसऱ्याले पूजेचं जाळं पाण्यात टाकलं होतं," तो म्हणाला. "पूर ओसरला होता, मासोळी उसळून राह्यली होती, त्याच्यानं राहावलं नाई. त्याच दिशी उजवा हात मोडला. अजून वाकडा हाय. त्यानं मंग कधी जाळं फेकलं नाई."

"हे जाळं नाही. हे मशीन आहे."

"माझ्यासाठी तेच हाय न."

मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मूर्ख म्हटलं, अडाणी म्हटलं. म्हटलं, धागा मी कापते, पाप माझ्या माथी. तो ऐकत राहिला, पण हात काही उचलला नाही. तेवढ्यात भैयाजी घरच्यांना घेऊन स्कूटरवर दुकानाबाहेर आले. आत डोकावले, सगळं समजलं, म्हणाले, "अरे सोड न. देवी माझी हाय, मी सांगतो तिले." मालकानं सोड म्हटलं, देवीच्या वतीनं सोड म्हटलं. सुरेंद्र उठला, वाकून त्यांच्या पाया पडला आणि परत येऊन तसाच बसला.

दुपार गेली. आम्ही दोघांनी पुरणपोळ्या खाल्ल्या. संध्याकाळी लोक परकोटाबाहेर सोनं लुटायला निघाले, तेव्हा त्यानं शटर ओढलं आणि किल्ली भैयाजींच्या घरी नेऊन दिली. नागपूरच्या साहेबांना त्यानं काहीच कळवलं नाही. त्यांनीही पत्रिका दुसरीकडून छापून घेतली.

त्या दिवसाबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. त्याला हाताची भीती वाटली हे खरं. पण मला असंही वाटलं, आणि आजही वाटतं, की गाठ आवळल्यावर त्याला कुठंतरी हायसं झालं होतं. आता पाचातलं एक निवडायला नको. निवडलं असतं तर बाकीची चार त्याच्याकडे बघत बसली असती. धागा नसता तर त्यानं दुसरं काहीतरी स्वतःभोवती बांधून घेतलं असतं. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही, कारण तो सोमवारी आला तो तळहातावर 'रावण मंडळ आभार बॅनर' लिहूनच आला.

पुढच्या उन्हाळ्यात मला राजुऱ्याला शाळेत क्लार्कची नोकरी लागली आणि मी 'नवरंग' सोडलं. सुरेंद्रचं अधूनमधून कळायचं. भैयाजींनी फ्लेक्सचं मशीन आणलं. वाढदिवसाचे बॅनर रस्त्यारस्त्यावर लागले आणि त्यातले निम्मे सुरेंद्रच्या हातचे. त्यानं पैसे साठवून जुना कॉम्प्युटर विकत घेतला, गावी नेला, 'भैयाजी जुने' त्यात उतरवून घेतलं. हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. म्हटलं, सुटला एकदाचा. आता मालक नाही, एसटीची घाई नाही, यंत्र स्वतःचं.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या भावाचं, प्रणितचं लग्न ठरलं. पत्रिका सुरेंद्रच्याच हातची पाहिजे म्हणून मी रविवारी त्याच्या गावी गेले. सावलीहून ऑटो, मग बांधाबांधानं पायी. अंगणात मुखरू काका बसला होता, उजवा हात कोपरापाशी वाकडा, डाव्या हातानं आणि पायाच्या अंगठ्यानं जाळं सांधत. सुरेंद्रची आई रुखमाबाई मला ओळखत नव्हती. नाव सांगितलं तशी म्हणाली, "मजकूरवाली बाई का? या, या," आणि सुरेंद्रला बोलवायला नदीकडे गेली.

मी आत डोकावले. आतल्या खोलीत लाकडी टेबलावर कॉम्प्युटर होता, जुन्या लुगड्यानं झाकलेला. मी लुगडं वर केलं. मॉनिटर, डबा, कीबोर्ड, सगळ्यांभोवती लाल धागा. हळदकुंकू वाळून खपल्या धरलेलं. झेंडूचं फूल पार काळं पडलं होतं. दसरा होऊन संक्रांतही होऊन गेली होती.

सुरेंद्र आला. केस थोडे विरळ झालेले, कानावर पेन तसंच. मी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही.

"हे काय?"

"लाइट राहत नाई न बाई. लोडशेडिंग. दिवसभर दुकानात, इथी येतो त अंधार. एकदा सलग वेळ भेटला का सोडीन."

"दसऱ्यापासून?"

"हो."

मी अंगणात गेले आणि मुखरू काकापुढं उकिडवी बसले. मोठ्या माणसाला असं विचारू नये हे मला समजत होतं, पण मला राग आवरला नाही. "काका, पूजेचं जाळं दसऱ्याले पाण्यात टाकलं म्हणून तुमचा हात मोडला, हे खरं आहे का?"

काकानं जाळं खाली ठेवलं. "जाळं टाकलं हे खरं. त्या दिशी जितके मासे भेटले तितके जलमात नाई भेटले. सावलीच्या बाजारात नेले, अर्ध्या घंट्यात खपले. मंग मी दारू पेलो. येता येता तलावाच्या पाळीवरून खाली पडलो. तवा मोडला."

सुरेंद्र दारात उभा होता. "बाबा त म्हणत होता—"

"तुझा बाप मले बोलला, पोट्ट्यायले असंच सांग. पुराच्या पाण्यात जाऊन मरतील नाई त." काकानं वाकडा हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. "आता मोठे झाले तुमी. मले वाटलं समजलं असन."

 रुखमाबाई तोंडाला पदर लावून हसत होती, बहुधा तिला आधीपासून ठाऊक असावं. मग सुरेंद्रही हसला. आत गेला, विळी आणली आणि धागा कापला. एकदाच ओढला आणि तुटला. लाइट होती. मशीन घरघरत सुरू झालं, आणि पडद्यावर ती पाच फोल्डरं ओळीनं उभी राहिली.

मी वाट पाहिली. तो माउस या फोल्डरवर न्यायचा, त्यावर न्यायचा, परत आणायचा. बराच वेळ झाला. मग तो माझ्याकडे वळला. इतकी वर्षं मी त्याला ओळखते, पण असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"बाई, आता कोणतं उघडू?"

तेव्हा मला फार वाईट वाटलं. धाग्याचा दोष नव्हता, काकाच्या हाताचा नव्हता, भैयाजींचाही नव्हता. या माणसाला दुसऱ्यासाठी काम करायची इतकी सवय झाली होती की स्वतःसाठी बसला की त्याच्या हाताला हुकूमच मिळत नव्हता. मी आयुष्यात फारशी हुशारीची कामं केलेली नाहीत. त्या दिवशी एक केलं.

"हे बघ," मी म्हटलं, "मी ऑर्डर द्यायले आली आहे."

तो लगेच सरळ बसला. "सांगा."

"प्रणितची पत्रिका."

"हो."

"आणि मासोळ्यांची वेबसाइट. पुरी. इंटरनेटवर चढवून. मले पुढच्या सोमवारी सकाळी पाहिजे. राजुऱ्याच्या कॅफेत बसून मी पाहीन. उशीर चालणार नाही, घरी लग्न आहे."

लग्नाचा आणि मासोळ्यांचा काय संबंध, हे त्यानं विचारलं नाही. त्यानं कानावरचं पेन काढलं आणि डाव्या तळहातावर लिहिलं: 'भाग्यश्री बाई. मासोळ्या. सोम. सकाळ'. मग विचारलं, "रंगीत न?"

"रंगीत," मी म्हटलं.

सोमवारी शाळेत उशिरा येते असं सांगून मी कॅफेत गेले. पोस्टानं आलेली पत्रिका पर्समध्ये होती, आणि तिच्यात घातलेल्या चिठ्ठीवर वेबसाइटचा पत्ता. पान वरून खाली, इंच इंच उतरत आलं. आधी पाणी आलं, सकाळचं, थोडं गढूळ. मग त्यात एकेक मासोळी. दाडक, वाम, शिंगूर, झिंग्यांचा घोळका. मी मरळीवर टिचकी मारली. मनसारामचं बोलणं उमटलं: 'मरळ लेकरायले तोंडाजवळ घेऊन फिरते. अशा वक्ती तिले धरू नये.' मी सगळ्या उघडल्या. एकही अर्धी नव्हती. कॅफेतला मुलगा माझ्या मागं येऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "मॅडम, कुठल्या कंपनीनं केलं हे?"

मी पान तळापर्यंत खाली नेलं. तिथं लिहिलं होतं, 'चित्रे व मांडणी : ००००'.

माझं डोकंच फिरलं. इतकं सगळं करून हा माणूस स्वतःचं नाव टाकत नाही म्हणजे काय. मी कॅफेतूनच 'नवरंग'ला फोन लावला. मागं फ्लेक्सचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

"सुरेंद्र, खाली नाव राह्यलं."

"राह्यलं नाई," तो म्हणाला. "तुमच्यासाठी ठेवलं. चित्र माझं, मजकूर तुमचा असते न बाई."

 मी पासवर्ड विचारला. त्यानं तो एकेक अक्षर करून सांगितला, mukhrukaka. मी पान दुरुस्तीला उघडलं. मराठी टाइप करून मला वर्षं झाली होती, शाळेत सगळं हातानंच लिहायचे. बोटं चाचपडली, एकदा 'सरेंद्र' झालं, ते खोडलं. मी चारही शून्यं काढून टाकली आणि त्या जागी 'सुरेंद्र मनसाराम पचारे' लिहिलं. पान परत उघडेपर्यंत फोन कानालाच धरून ठेवला. मासोळ्या पुन्हा एकेक करून आल्या, आणि शेवटी नाव आलं.

"आलं," मी म्हटलं. "आता तू पाह्य तिकडून."

माउसचा आवाज आला. मग नुसतं मशीन चालू असल्याचा आवाज, बराच वेळ. भैयाजी मागून कुणाला तरी काहीतरी ओरडून विचारत होते.

"सुरेंद्र? पास का?"

"पास," तो म्हणाला. "ठेवतो जी बाई आता, वाढदिवसाचं बॅनर बाकी हाय."